करवतकाठी

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगाव ही गावे कोशाच्या कापडासाठी दूरवर प्रसिद्ध आहेत. या भागातील रानात ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. तुतीवरील अळ्यांप्रमाणे त्यांना घरात पाळता येत नाही. ढिवर समाजातील कुटुंबे त्यांना उघड्या रानातच सांभाळतात. पाखरे आणि मुंग्या यांच्यापासून त्यांचे रक्षण करण्यासाठी घरची माणसे दिवसचे दिवस झाडाखाली पहारा देतात. एवढ्या राखणीनंतर, देठाने फांदीला लटकलेला, कठीण कवचाचा कोसा हाती येतो. तो शिजवून मऊ करावा, अनेक कोशांचे तंतू एकत्र करून सूत काढावे, तेव्हा कोठे मधाच्या रंगाचा धागा मागावर चढतो.

या धाग्याची करवतकाठी साडी विदर्भाचे भूषण होय. काठावर करवतीसारखे दाते असतात, म्हणून हे नाव. अंगासाठी एक व दोन्ही काठांसाठी दोन, असे तीन धोटे तिला लागतात. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक फेरीस एकमेकांत अडकवावा लागत असल्याने विणकाम अतिशय संथ चालते. तथापि अशी साडी एकदा घरात आली, की ती कित्येक वर्षे टिकते. आजीच्या लग्नातील साडी नातीने मंगलकार्यात नेसावी, यात पूर्वी कोणास नवल वाटत नसे. अगदी जीर्ण झाली, तरी तिच्या धड भागाची तान्ह्या बाळासाठी कुंची होई.

त्या काळी बहुतेक घरांत कपडे मोजकेच असत : एक अंगावर, एक दोरीवर आणि एक सणासाठी पेटीत. आज बाजारात स्वस्त कपड्यांचे ढीग पडलेले दिसतात आणि दर सणाला दोन-तीन कपडे सहज घेतले जातात. त्यांतील पुष्कळ कपडे कृत्रिम धाग्यांचे असतात. असे कापड घाम शोषून घेत नाही. मग भंडाऱ्याच्या वैशाखात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, त्याचा काय उपयोग? शिवाय स्वस्ताई नेहमी खरी असतेच असे नाही. समजा, २०० रुपयांचा सदरा चार महिन्यांत विटला, तर दोन वर्षांत सहा सदरे, म्हणजे १,२०० रुपये लागतील. ६०० रुपयांचा एकच सदरा तेवढाच काळ टिकला, तर निम्मा खर्च वाचेल.

मात्र हा हिशेब सांगणे सोपे आहे. रोजमजुरीवर जगणाऱ्या माणसाजवळ ६०० रुपये एकदम साठत नाहीत, म्हणून तो २०० रुपयांचाच सदरा घेतो. त्याला उधळ्या म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांना निवड करता येते, त्यांचा प्रश्न निराळा आहे.

महाग ते चांगले, असेही नव्हे. कापड उजेडासमोर धरून वीण दाट आहे की विरळ, हे पाहावे. कपडा उलटा करून शिवण तपासावी. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. किती सुंदर शब्द! मूल वाढले, की माया उसवून तोच सदरा सैल करता येतो. ढिगातल्या कपड्यांत ही माया बहुधा नसतेच.

करवतकाठीचीही नक्कल आता होते. दाते छापलेली साडी थोड्या पैशांत मिळते आणि लांबून फरक कळत नाही. हातमागाच्या विणकरापुढे त्यामुळे कठीण प्रसंग उभा राहिला आहे : कित्येक दिवस खपून विणलेली साडी छापील साडीशेजारी मांडली, की गिऱ्हाईक प्रथम किंमतच विचारते. अशा वेळी जाणता विणकर वाद घालीत बसत नाही. तो दोन्ही साड्यांचे काठ उलटे करतो. छापील काठाची मागची बाजू फिकी निघते. धोट्याने विणलेले दाते मात्र दोन्ही बाजूंनी स्पष्ट उमटलेले असतात.