लेकाच्या गावी

उन्हाळ्यात लोक माहूरला येतात. माहूरची माणसं कुठं जात नाहीत. लग्नं उरकली की नवी जोडपी कुलदेवतेच्या दर्शनाला निघतात. नवरीच्या हातावरची मेंदी अजून उतरलेली नसते आणि मागून सासू ओटीचं ताट सावरत, डोईवर पदर ओढून गडाच्या पायऱ्या चढत असते. शाळांना सुट्ट्या लागतात, मग ज्यांच्या घरी लग्न नाही तीही घरंच्या घरं जीपगाड्या भरून येतात. गडाच्या वाटेवर ज्याचं ओटीचं दुकान आहे त्याने मे महिन्यात गाव सोडणं म्हणजे शेतकऱ्याने ऐन पेरणीत यात्रेला जाण्यासारखं आहे. तरी यंदा आमचं जायचं चाललंय. तेही चिखलदऱ्याला नाही, महाबळेश्वरला नाही, रत्नागिरीला.

‘उन्हातून उठून उन्हात कायले जाता, भाऊ?’ शेजारच्या दुकानदाराने विचारलं.

प्रश्न वाजवी आहे. पैसे खर्चून माणूस गारव्याला जातो, घाम गाळायला नाही. पण आमच्याकडचा उन्हाळा मला पाठ आहे. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३ ला टेकतो. माहूर डोंगरावर, भोवती सागाचं रान, म्हणून परगावच्या माणसाला वाटतं इथं सावली असेल. पण मे महिन्यात सागाच्या अंगावर पानच नसतं. पळस होळीला फुलून गेलेला, मोहाची फुलं वेचून झालेली, रानात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची तेवढी हालचाल. दुपारी बारा ते चार मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो. हे ऊन कडक खरं, पण सरळ आहे. घाम दिसायच्या आत वाळून जातो आणि संध्याकाळी सदरा काढला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की कोरडी हवा ते अधाशासारखं पिते आणि खोली गार होते. आमच्या कूलरचं सगळं शास्त्र एवढंच.

रत्नागिरीत पारा ३३च्या आसपास असतो. कागदावर बघितलं तर दहा अंशांनी गार. मी हे मोठ्या ऐटीत चिपळूणहून आलेल्या एका काकांना सांगितलं. त्यांच्या घराण्याची कुलदेवता माहूरची रेणुका. दुकानाच्या बाकावर बसून ते थंड पाण्याची बाटली मानेला लावत होते. ते हसले. म्हणाले, ‘आमच्याकडे घाम येतो, पण जात नाही. हवेच्या पोटात आधीच पाणी भरलेलं, ती तुमच्या अंगावरचं कशाला उचलेल? कूलर लावलात तर आणखी चिकट व्हाल.’ मग म्हणाले, ‘मिठाच्या बरणीत आम्ही तांदळाचे दाणे टाकून ठेवतो, नाहीतर मिठाचं पाणी होतं.’

माहूरमध्ये मीठ पाठीवर साठतं, तिकडे बरणीत विरघळतं. हे एकदा अंगावर घेऊन बघावं असं त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

समुद्राशी माझा संबंध तसा रोजचा. दुकानात शेंडी ठेवलेल्या नारळांची पोती येतात आणि गावात शोधू म्हटलं तर माड सापडायचा नाही. गिऱ्हाईक नारळ कानाशी धरून हलवतं आणि जो जास्त खुळखुळतो तो चांगला म्हणून निवडतं. खरं तर पाण्याने गच्च भरलेला नारळ फारसा वाजत नाही. खुळखुळायला लागला म्हणजे पाणी आटत चाललंय. पाणी मुळीच वाजलं नाही आणि नारळ हाताला हलका लागला तर आत गोटा झालेला समजायचा. लहानपणी मी पोत्यातले काथ्याचे तंतू हुंगायचो, त्यांना समुद्राचा वास असेल म्हणून. वास गोणपाटाचा यायचा.

नकाशा काढून बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सरळ रेषेत मोजलं तर पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र, दोन्ही माहूरपासून जवळपास सारखेच लांब, पाचशे-साडेपाचशे किलोमीटर. आणि हिशेबाने आमचा समुद्र पूर्वेचा. गडाखालून जाणारी पैनगंगा वर्ध्याला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत उतरते आणि हे सगळं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. पावसाचंही तसंच. अरबी समुद्रावरून येणारा ढग सह्याद्रीवर रिता होतो. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस देऊन तो घाट ओलांडतो तेव्हा लातूर-धाराशिवला देण्यासारखं त्याच्याकडे फार उरत नाही. किनवट-माहूरचं बरं चालतं ते बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन इकडे सरकतो म्हणून. पाऊस तिकडून येतो आणि पाणी तिकडेच परत जातं. राज्यकारभाराचं तोंडही बराच काळ पूर्वेलाच होतं. निजामाच्या राज्यात आम्ही १९४८पर्यंत होतो, त्या राज्याला तर शेवटी समुद्रच उरला नव्हता.

म्हणजे नियमाने मी पूर्व किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणमला जायला पाहिजे. तेही जुनं बंदर आहे आणि उन्हाळ्याच्या बाबतीत रत्नागिरीला हार जाणार नाही. पण तिकडे आमचं कोणी नाही. पश्चिमेला आहे. गडावरच्या आईचा मुलगा तिकडे राहायला गेला.

माहूरची कथा इथं पोराटोरांना येते. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह ठेवला, दुसऱ्यात आईला बसवलं आणि कोरी भूमी शोधत निघाला. जिथं आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी जागा. ती त्याला इथं सापडली. दत्तात्रेयांनी अंत्यविधी केला, रेणुका सती गेली. पुढे पोराचा शोक आवरेना तेव्हा, आई जमिनीतून वर येईल, मागे वळून बघू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. तो वळला. आईचं मुख तेवढं वर आलं होतं, ते तिथंच थांबलं. गडावर आपण पूजतो ते हे मुख.

कोकणची कथाही सगळ्यांना येते. क्षत्रियांना जिंकून मिळवलेली सारी पृथ्वी परशुरामाने कश्यपाला दान दिली. दान दिलेल्या जमिनीवर राहायचं कसं? मग सह्याद्रीवरून बाण सोडून त्याने समुद्राला मागे हटवलं आणि उघड्या पडलेल्या पट्टीवर वस्ती केली.

या दोन कथा दोन वेगवेगळ्या टोकांना सांगितल्या जातात. एकत्र ठेवल्या की त्या एकच होतात. पहिल्यांदा बापासाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी, हा माणूस कोरी जमीनच शोधत हिंडतोय. इथं त्याला रानात सापडली. तिथं समुद्राकडून काढून घ्यावी लागली. कोकणातले लोक शेकडो वर्षं त्या टोकाहून या टोकाला येताहेत, आईकडे. ओट्या भरतात, विड्याचा तांबूल घेऊन जातात. या टोकाहून त्या टोकाला फारसं कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या बेताचं कारण विचाराल तर हे आहे. शेजाऱ्याला मात्र मी ‘आंबे खायला’ म्हणून सांगितलं.

अर्थात ती जमीनही म्हणावी तशी कोरी नाही. रत्नागिरीच्या आसपास जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत, तिकडे त्यांना सडा म्हणतात. त्या सड्यांवर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी प्राणी, माणसं आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी कोरून ठेवल्या आहेत. उक्षीच्या सड्यावर हत्ती आहे. २०२२मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मे महिन्यात उघड्या कातळावर उभं राहायचं तर सकाळी आठच्या आत, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

रत्नागिरीत मला आणखी एका माणसाकडे जायचं आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याची राजधानी मंडाले समुद्रापासून खूप आत आहे आणि कोरडी आहे. त्या देशातला सर्वांत कमी पावसाचा मुलूख. म्हणजे आमच्याच जातीचा उन्हाळा त्याच्या अंगवळणी असणार. त्याला आणलं ते या घामाच्या, मिठाच्या, चार महिने कोसळणाऱ्या गावात. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१०मध्ये तयार झाला आणि १९१६मध्ये तो वारला. तीस वर्षं. त्याची समाधी तिथंच आहे. रत्नागिरी म्हटलं की लोक टिळकांचं जन्मस्थान सांगतात, सावरकरांची स्थानबद्धता सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पण आतल्या मुलखातून येऊन त्या समुद्राकडे बघत बसलेला माणूस म्हणून मला थिबा जवळचा वाटतो. मी आपल्या पायांनी जाणार आणि आठवड्याने परत येणार, हा फरक लहान नाही.

जायचं कसं, यावर घरात बरीच चर्चा झाली. भाच्याचं म्हणणं रेल्वे. नांदेडहून पनवेल आणि पनवेलहून कोकण रेल्वे. पण मे महिन्यात कोकणच्या गाड्यांवर मुंबईच्या चाकरमान्यांचा पहिला हक्क. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. मायने रेल्वे ऐकूनच घेतली नाही, आणि तिचं कारण आरक्षणाचं नव्हतं. धनोड्याला पैनगंगा ओलांडून महागावला गेलं की नागपूर-रत्नागिरी महामार्ग लागतो. तो नांदेड, लातूरवरून तुळजापूरला जातो, पुढे सोलापूर, मिरज करत कोल्हापूरला आणि मग आंबा घाट उतरून रत्नागिरीला. म्हणजे वाटेवर भवानी आणि महालक्ष्मी. ‘धाकट्या-थोरल्या दोघींच्या दारावरून जायचं आन् आत डोकवायचं नाही?’ माय म्हणाली. धाकटी कोण आणि थोरली कोण, हे मी विचारलं नाही. साडेतीन पीठांतली तीन पूर्ण पीठं जोडायला सरकारने वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा नवा महामार्ग जाहीर केला होता. त्याला जमिनी द्यायला कोल्हापूरकडचे शेतकरी तयार नाहीत. मला विचाराल तर माय सांगते तो रस्ता आधीचाच आहे आणि एस.टी.त तिला अर्धं तिकीटही आहे.

रस्ता साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरतो. एका दमात मायला झेपणार नाही, म्हणून तुळजापूर आणि कोल्हापूरला मुक्काम. तिथून आधी रत्नागिरी, की आधी चिपळूणजवळचं परशुराम? इथं तिने माझं चालू दिलं नाही. आधी परशुराम. त्या मंदिराचा मोठा कारभार अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामींनी उभा केला, ते मूळचे वऱ्हाडातले. म्हणजे आपल्या बाजूचा एक माणूस आपल्याआधी तिथं जाऊन आलाय, असं मी तिला सांगून बघितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. देवळाच्या मागे रेणुकेचं ठाणं आहे, हे कळल्यावर मात्र ती उठून बसली. ‘म्हंजे ती लेकाकडं ऱ्हायलीच हाय की!’ मग दुकानातून तिने स्वतः एक हिरवा खण काढून बाजूला ठेवला. नारळ नेऊ नये, तिकडे भरपूर असतात, हे तिला पटलं. तांबूल न्यायचाच, यावर ती ठाम आहे. पान, सुपारी, कात खलबत्त्यात कुटलेला तो लगदा आमच्या कोरड्या हवेत वाळतो; कोकणच्या हवेत त्याचं काय होईल, कुणास ठाऊक.

देवळाच्या डोंगरावरून खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं म्हणतात. तीच नदी पुढे दाभोळला समुद्राला मिळते. पंधराव्या शतकात दाभोळ हे बहमनी राज्याचं बंदर होतं आणि महमूद गवानने त्या राज्याच्या आठ तरफा केल्या तेव्हा माहूर त्यातली एक होती. इराणातून आलेला हा गवान स्वतःही दाभोळलाच उतरला होता. त्या काळी खाडीत उतरलेला अरबी घोडा माहूरच्या किल्ल्यापर्यंत चालत आला असेल का, असं उगाच मनात येतं. आज दाभोळचं नाव माझ्या गल्लीत कुणाला सांगितलं तर वीज प्रकल्प आठवतो.

तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली धरली आहे. त्याआधी लग्नांची गर्दी आणि हापूसचा भाव, दोन्ही सोसवत नाहीत. महिना संपत आला की समुद्र उसळू लागतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात. बंदीचं मला तसं घेणं नाही. माय माळकरी आहे आणि माशांचा विषय तिच्यासमोर काढायचा नसतो. पण मांडवीच्या जेटीवर होड्या येताना बघायच्या आहेत. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र म्हणतात, वाळूच्या रंगावरून. माय म्हणते, आधी पांढरा दाखव.

उरलं दुकान. ते शेजारी बघणार आहे, ज्याने मला कायले जाता म्हणून विचारलं होतं तोच. हिशेब वहीत लिहीन म्हणतो, सकाळी झाडून पाणीही मारीन म्हणतो. पैसे घेणार नाही. ‘दोन डझन हापूस आणा. पण पिकलेले नका आणू, भाऊ, सोलापूरच्या उन्हात गाडीतच नासतील. कच्चेच आणा. अढी मी घालतो.’