आईला घेऊन माल्टाला

गेल्या उन्हाळ्यात ठरलं, की आईला एकदा समुद्रापलीकडे न्यायचंच. आईची धाव आजवर अजिंठा एक्सप्रेसने मनमाडपर्यंत. वय सदुसष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा. मी माल्टा निवडलं, कारण बेट लहान, जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर. रोज हॉटेल बदलायला नको, लांब पल्ल्याची बस नको.

पहिली अडचण आली ती तारखेची. तेलंगणात शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, म्हणून मी आनंदाने तीच धरली. आई म्हणाली, "आणि घट कोण बसवणार?" माझ्या एक्सेल शीटमध्ये घटांसाठी रकानाच नव्हता! शेवटी दसऱ्याचं सोनं वाटून दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. लेकीची आठवडाभर शाळा बुडेल. पण ऑक्टोबर एका अर्थी बराच. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी सरलेली असते आणि समुद्र अजून कोमट असतो.

मग तिकिटं. भारतातून माल्टाला थेट विमान मिळालं नाही. मी तीन रात्री जागून एक स्वस्त मार्ग शोधला : रोमपर्यंत एक तिकीट, पुढे दुसऱ्या कंपनीचं वेगळं, मध्ये दोन तास. चौघांचे मिळून चाळीस हजार वाचत होते. बायकोने एकच विचारलं, "पहिलं विमान उशिरा पोचलं तर?" तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीचा आपल्याशी संबंध नसतो. रोमला इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, सामान पट्ट्यावरून उचलायचं, पुन्हा चेक-इन करायचं, आणि हे सगळं आईच्या चालीने. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये असलेच धोके शोधून देतो. घरच्या प्रवासात मात्र चाळीस हजारांना भुललो होतो.

आता सगळं एकाच तिकिटावर, दुबईमार्गे आहे. सामान थेट माल्टाला. दुबईत तीन तास, म्हणजे आईला सावकाश चालता येईल. पुढचं विमान वाटेत सायप्रसच्या लार्नाकाला थांबतं, पण आपण आपल्या जागेवरच. शेंगेनची तपासणी एकदाच, माल्टात. एकूण पंधराएक तास. आईची जागा कडेची घेतली आहे, दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं टाकायची असं डॉक्टरांनी बजावलंय. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत.

व्हिसाचं म्हणाल तर कटकट आहे, अवघड नाही. मोठ्यांना ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही तीन महिने आधी केला. पासपोर्ट परत येईपर्यंत मी दिवसातून चारदा फोन बघत होतो.

खरा वाद झाला तूप आणि व्हीलचेअरवरून. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून घरचं तूप आणि पेढे बाद. आई दोन दिवस गप्प. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मोठ्या बॅगेत गेलं, तेव्हा कुठे बोलली. व्हीलचेअर मात्र तिला मुळीच नको होती. "चार लोक बघतील, पांगळी झाले म्हणतील." व्हीलचेअर आधी नोंदवावी लागते, आयत्या वेळी मिळेलच असं नाही, हे मी तिला चारदा समजावलं. पण ती बधली ती नातीमुळे. "आजी, मी तुझ्या मांडीवर बसेन," एवढंच ती म्हणाली.

आता निघायला नऊ दिवस आहेत. काल आई बेसन भाजत होती. मी म्हटलं, "अगं, लाडूत तूप असतं, नेता येणार नाहीत." तर म्हणे, "तिकडे कोण नेतंय? शमशाबादला जो पोरगा माझी खुर्ची ढकलेल ना, त्याला द्यायला."