पिंपळे गुरवहून केडगावला

पिंपळे गुरवला एकांत शोधायला कुणी येत नाही. काटेपुरम चौकात सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, शाळेच्या व्हॅन आणि हातगाड्या एकमेकींना वाट देत-घेत असतात. तिथून पवनेवरचा पूल ओलांडून मी दापोडीला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली आणि पुणे स्टेशनावर दौंडची लोकल गाठली. गर्दीला कंटाळून निघालो नव्हतो. एकांताने ख्रिस्ती माणूस वाढतो, असं आपल्या उपासनांतून नेहमी सांगितलं जातं. त्याचा पुरावा मला आपल्याच मातीत पाहायचा होता. माझ्या मते तो केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आहे. आणि नीट पाहिलं तर तो पुरावा एकांताबद्दलच्या आपल्या गोड समजुतींना धक्का देणारा आहे.

हडपसर, मांजरी मागे पडतात, लोणीला तेलाचे टँकर दिसतात आणि उरुळीपासून दोन्ही अंगांना ऊस लागतो. पुढे येतं यवत. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत याच पट्ट्यातून पंढरीला जाते. ज्या तुकोबांनी भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटं बसून चिंतन केलं, त्यांच्याच मागून आज लाखोंचा मेळा चालतो. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आल्याचं सांगत. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. मराठी ख्रिस्ती एकांताची मुळं फक्त मिसर देशातल्या संतांच्या गुहांत शोधायची गरज नाही, ती या रस्त्यालाही सापडतात.

रमाबाईंच्या आयुष्यात एकांताचे हंगाम एकामागून एक आले, आणि त्यातला एकही त्यांनी हौसेने निवडलेला नव्हता. 1874 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आईवडील गेले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत तिथेच वारल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत असल्याने ती वाट बंद झाली. त्याच वर्षी तिथल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतल्यावर इकडच्यांनी त्यांना धर्म बुडवणारी म्हटलं. तिकडे, चर्च सांगेल ते सगळं जसंच्या तसं मानायला त्यांनी नकार दिला, म्हणून धर्मगुरू आणि मठातल्या भगिनी त्यांना गर्विष्ठ समजू लागल्या. दोन्ही घरांची दारं अर्धवट लोटलेली. पुढे 1893 मध्ये, त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या वादात रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळीही बाजूला झाली. आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता. खुद्द ख्रिस्त भेटला तो जवळपास आठ वर्षांनी. मला हे विधान फार मोलाचं वाटतं. ज्या वर्षांत कोणतीच मंडळी त्यांना पूर्णपणे आपली म्हणत नव्हती, त्याच वर्षांत उसना विश्वास गळून पडला आणि स्वतःचा रुजला.

यावर कुणी विचारेल, केडगावात कसला एकांत? 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांनंतर मुक्तीत राहणाऱ्या मुलीबाळींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. धान्य, विहिरी, आजारपणं, शाळा, शेती, सगळं रमाबाईंच्या डोक्यावर. आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला तोच आधार देतो. एवढ्या पसाऱ्यात राहूनच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्याला दिली. मिशनच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. काना, मात्रा, वेलांटी अशा बारीक खिळ्यांसकट ओळ बसवायची, तीही उलटी. मग प्रूफ काढायचं, तपासायचं, चुकलेला खिळा चिमट्याने उचलून बदलायचा. एका पानामागे असे किती तास जात असतील! एकांत तिथे डोंगरावर नव्हता, रोजच्या कामातून राखून ठेवलेल्या वेळात होता. 1921 च्या जुलैमध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. कान जवळजवळ गेलेले, घरचं कुणी उरलेलं नाही, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या; बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: ख्रिस्ती श्रद्धा मंडळीची आहे, एकट्याची नव्हे. पण शास्त्र काय दाखवतं? एलीया होरेबाच्या गुहेत लपतो, तेव्हा देव त्याला 'इथे काय करतोस?' असं विचारतो आणि कुणाकडे जायचं ती नावं देऊन परत पाठवतो. येशू पहाटेच्या अंधारात निर्जन जागी जातो आणि तिथून उठून शेजारच्या गावांकडे निघतो. माणसांकडे परत न नेणाऱ्या एकांताला मी आध्यात्मिक वाढ म्हणायला तयार नाही, मग त्यात डोळे कितीही वेळ मिटलेले असोत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो माझ्याच भागातला आहे. चाकणच्या कारखान्यात पाळी करून कॉट बेसिसवर राहणारा तरुण एकटा असतो, पण त्याला एकांत नसतो. त्याच्या खोलीत चारजण आलटून पालटून झोपतात. त्याला 'एकांताचं दान स्वीकार' असं सांगणं निर्दयपणा आहे. रमाबाईंचं एकटेपण फळलं, कारण त्याला पुस्तकं, भाषा आणि काम मिळालं. नुसतं सोसल्याने ते फळलं नसतं. म्हणून उपवासकाळातल्या चाळीस दिवसांच्या प्रवचनांइतकीच, किंबहुना जास्त, गरज आहे ती जागेची. पिंपरी-चिंचवडमधली बहुतेक प्रार्थनामंदिरं रविवार सोडला तर कुलूपबंद असतात. रात्रपाळी सुटते तेव्हा, सकाळी सात ते नऊ, एक दार, एक पंखा आणि एक बायबल एवढं उघडं ठेवायला मंडळीला वेगळा निधी लागणार नाही. आठवड्यातून एक सकाळ वाटून घेणारी सहा माणसं लागतील.