दोघांनाही न दिसलेल्या

माझ्या मागे बसलेल्याने काय पाहिलं, हे मला विमान उतरेपर्यंत कळत नाही, आणि कळूही नये. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, टॉरेस सामुद्रधुनीत ड्यूगाँग म्हणजे समुद्रगायी मोजताना एकाच बाजूला पुढेमागे दोन निरीक्षक बसतात. मधे पडदा, दोघांचं रेकॉर्डिंग वेगळं. विमान १३७ मीटरवरून ताशी १८५ किलोमीटरने जात असतं. पंखाखालच्या दांड्यावरच्या खुणांमधून दिसणारा २०० मीटरचा पट्टा तेवढा आपला. "एक, पिल्लासकट" म्हणेस्तोवर ती तपकिरी पाठ मागे पडलेलीही असते.

नवशिक्यांना वाटतं, नजर घारीची हवी. मला विचाराल तर गप्प बसणारं तोंड जास्त कामाचं. "ते बघ" म्हटलं की हिशेब बुडाला. समजा, पुढच्याला २० दिसल्या, मागच्याला १५ आणि १२ दोघांनाही. मागच्याच्या १५ पैकी १२ पुढच्याने टिपल्या, म्हणजे त्याला दहातल्या आठ दिसतात. मग त्याच्या २० मागे खऱ्या २५. दोघांनी मिळून पाहिल्या २३; उरलेल्या दोन कुणालाच न दिसता हिशेबात आल्या. अर्थात कळप दोघांनाही सहज दिसतो, एकटीदुकटी दोघांनाही चकवते, त्यामुळे हे २५ सुद्धा कमीच असू शकतात.

शिवाय हे झालं दिसण्याजोग्यांचं. गढूळ पाण्यात तळाशी समुद्रगवत चरणारी दहा जणांनाही दिसायची नाही. दिसण्याजोगी असून नजरेतून सुटलेली आणि मुळात दिसण्याजोगीच नसलेली, ही फोड संशोधक हेलन मार्श यांनी सिंक्लेअर यांच्यासोबत १९८९ मध्ये मांडली. पुढे संशोधकांनी खोटी ड्यूगाँग पाण्यात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते वरून पाहिलं. खऱ्या ड्यूगाँगना खोली नोंदवणारी यंत्रं लावली; त्या खोलीच्या वर त्या किती वेळ असतात, ते त्यावरून निघालं. एवढ्या गणितात ही खोटी गाय मला फार आवडते.

बैठकीत कुणीतरी विचारतंच, "नक्की किती?" मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन आकडे सांगतो. ड्यूगाँगची शिकार हा इथल्या बेटवासीयांच्या जगण्याचा भाग आहे; त्यांचा पारंपरिक मासेमारीचा हक्क १९७८ च्या टॉरेस सामुद्रधुनी करारातही आहे. मर्यादा ठरवायचीच तर खालच्या आकड्यावरून ठरवावी, असं माझं मत. मादीच्या दोन पिल्लांमध्ये अडीच ते सात वर्षं जातात. कागदावर जास्तीच्या धरलेल्या गायी समुद्रात लवकर भरून निघत नाहीत.