थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीण

मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये 'गो' आणि 'नो-गो' गेज हातात घेऊन आपण सगळ्यांनीच जांभया दिल्या आहेत. सबमिशनपुरतं टेबल भरायचं, ओरलला दोन व्याख्या म्हणायच्या आणि विसरून जायचं. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या टेंभुर्णीच्या घरातला एक वाद त्याच गेजवर येऊन ठेपला, म्हणून हा लेख. (मराठीत लिहायला लागले की माझी वाक्यं इंग्लिश मीडियमची वाटतात असं रूममेट म्हणते. सांभाळून घ्या!)

आमचे आजोबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि उसात रमले. शेताच्या राखणीसाठी त्यांनी परवाना काढून .३१५ ची रायफल घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. घरात दुसऱ्या कुणाचाच परवाना नाही, त्यामुळे रायफल आणि उरलेली काडतुसं परवानाधारक दुकानदाराकडे जमा झाली. आता विकायची तर किती रुपयांना? बाबा म्हणत होते, "फौजी माणसानं जपलेली वस्तू आहे, नव्यासारखी." दुकानदार म्हणत होता, नव्याच्या निम्मेही नाहीत. आणि घेणारे कोण, तर आत्याचे थोरले दीर, तात्या! म्हणजे भाव जास्त सांगितला तर सोयरिकीत कुरबुर, आणि कमी सांगितला तर आजीचं नुकसान, कारण पैसे आजीच्या नावावर ठेवायचं दोन्ही भावांनी ठरवलं होतं.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याकडे फौजेची जुनी रायफल कुणालाही विकत मिळत नाही. अमेरिकेत मिळते, आपल्याच इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या रायफली तिकडे लोक हौसेनं घेतात. आपल्याकडे .३०३ म्हणजे एनसीसीच्या परेडमध्ये खांदा दुखवणारी ती चार किलोची थ्री-नॉट-थ्री, नाहीतर पोलिसांच्या हातातली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्टेशनवर आपल्या पोलिसांकडे हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. तिचं डिझाइन १९०७ चं! साध्या परवान्यावर मात्र हे लष्करी माप चालत नाही. ब्रिटिशांना आपल्या सैन्याचं काडतूस हिंदी माणसाच्या घरात नको होतं, म्हणून नागरिकांसाठी .३१५ चं वेगळं माप रुळलं. बोल्ट तोच, घडण तीच, नळी वेगळी. म्हणून मी हिला थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीण म्हणते.

आजोबांचे एक मित्र ईएमईमध्ये आर्मरर होते. बाबा, तात्या, मी आणि ते काका असे चौघे दुकानात गेलो. मी माझा व्हर्नियर नेला होता. काका हसले, "ठेव तो. आधी डोळ्यांनी बघायला शिक."

पहिलं काम, रिकामी असल्याची खात्री. बोल्ट उघडला, चेंबरमध्ये बोट घालून बघितलं, मॅगझिन काढलं. दुकानदारानं आधीच तपासली होती, तरीही. मग नंबर. बॉडीवरचा, बोल्टवरचा आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का? बोल्ट बदललेला असेल तर बाकी सगळं चकाचक असूनही किंमत पडते, कारण काडतुसाच्या बुडाला धरणारी जागा त्याच बोल्टसाठी बसवलेली असते. या जागेला हेडस्पेस म्हणतात, आणि इथे आपले गेज येतात! .३०३ मध्ये ही जागा ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या मध्ये असावी लागते. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. 'गो' वर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि 'नो-गो' वर होता कामा नये. जास्त जागा असेल तर पितळी केस ताणून फाटू शकते आणि गरम गॅस मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. काकांनी .३१५ चे गेज लावले. 'नो-गो' वर बोल्ट अडला. मला लॅबमध्ये कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

चकाकीवर काकांचा अजिबात विश्वास नाही. "जिचा काळा रंग फार नवा, तिच्याकडे जास्त बघ," ते म्हणाले. गंज घासून काढून पुन्हा रंग दिला असेल तर धातूच्या धारा गोल होतात आणि ठोकलेली अक्षरं पुसट दिसतात. आजोबांच्या रायफलीचा रंग हाताच्या जागी उडालेला होता, पण अक्षरं नखाला लागत होती. लाकडाला तडा नव्हता. बाबांची छाती फुगत चालली होती.

आणि वापर किती झाला? जुन्या गाडीला किलोमीटरचा काटा असतो, तसा इथे परवाना. घेतलेल्या काडतुसांची त्यावर नोंद होते. आजोबांनी इतक्या वर्षांत जेवढी घेतली, तेवढी काका पलटणीत एका सकाळी रेंजवर उडताना बघायचे. म्हणजे झिजेचा प्रश्न नव्हता.

मग काकांनी बोल्ट काढून चेंबरच्या तोंडाशी पांढरा कागद धरला, त्यावर टॉर्च मारला आणि समोरून नळीत बघायला लावलं. खाचा गोल फिरत जाताना दिसल्या, फारच सुंदर. पण तोंडापासून चार बोटं आत, खालच्या बाजूला काळे ठिपके. चिंदी फिरवली, पुन्हा बघितलं. ठिपके तसेच. ती घाण नव्हती, गंजानं खाल्लेले खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचं जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा भाऊ, हवेतलं पाणी ओढतो. म्हणून जुने शिपाई फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे, नुसतं तेल लावून मीठ जात नाही. आजोबा आजारी होते त्या शेवटच्या वर्षांत रायफल खोळीतच पडून होती, आणि खोळ दमट धरते.

तात्या तेव्हा बाहेर चहा सांगायला गेले होते. बाबा हळूच म्हणाले, "एवढं काय सांगत बसायचं? गोळी तर सुटतेच ना." काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता सांगा, विकणारे आम्ही, तपासणारी मी, आणि घेणारे घरचेच! मी आजीला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या आजोबानं खराब ऊस कधी मोळीत मधी घातला नाही. सांग की तात्यास्नी."

तात्या आले, मी सांगितलं. "पोरीला काय कळतंय यातलं," असं म्हणतच त्यांनी नळीला डोळा लावला, आणि बराच वेळ काढला नाही. २०२० मध्ये करमाळ्याकडे नरभक्षक बिबट्या फिरत होता तेव्हापासून त्यांना बाराबोरच्या जोडीला रायफल हवी आहे. (बिबट्याला मारायचा अधिकार त्यांना नाही, तो वनखात्याचा विषय, हे मी त्यांना दोनदा सांगून झालं आहे. रानडुकरालाही परवानगी लागते.)

भावाचा हिशोब काकांनी मांडला. कारखान्याच्या नव्या रायफलीची किंमत हे छत, त्याच्या वर जायचं नाही. गिऱ्हाईक मोजकेच, कारण परवाना लागतो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावरची हत्यारं तीनावरून दोनावर आली आणि लोकांना तिसरं काढावं लागलं. त्यामुळे जुना माल बाजारात वाढला. पण हेडस्पेस बरोबर, नंबर जुळलेले, लाकूड धड, या जमेच्या बाजू. खड्डे तोंडाच्या अगदी टोकाशी नाहीत, त्यामुळे नेम फारसा बिघडणार नाही, पण साफ करायला कायमचा त्रास. पुढे तात्या आणि बाबा 'साडे', 'सव्वा', 'पावणे' यांत भांडत राहिले. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे मला ते सगळं मनात इंग्लिशमध्ये करून घ्यावं लागत होतं आणि तोवर भाव पुढे सरकलेला असायचा. शेवटी दुकानदाराच्या आकड्याच्या बऱ्याच वर आणि बाबांच्या आकड्याच्या बऱ्याच खाली सौदा तुटला. बाबा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना बोलले.

पैसे अजून यायचे आहेत. विक्रीची लेखी खबर आधी द्यावी लागते आणि मग किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आर्म्स ॲक्टचं कलम ५. तोवर रायफल दुकानाच्या रॅकमध्येच आहे. आजी दर रविवारी मला हॉस्टेलवर फोन करते आणि अभ्यासाचं विचारायच्या आधी विचारते, "दुकानदारानं नळीला तेल लावलं का गं?"