बाबांचं कालनिर्णय आणि लायडार

डिसेंबरातल्या एका शनिवारी बोईसरला घरी गेलो होतो. पहाटे बाबांनी धाडकन खिडकी लावली. "आला बघ वास."

दुपारी खाडीकडून वारा सुटला की सगळं साफ. मग तक्रार करायला जावं, तर नाकाशिवाय पुरावा काय? २०१८ साली केंद्रीय मंडळाच्या प्रदूषणाच्या यादीत तारापूर देशात वरचं ठरलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "चला, कशात तरी पहिला नंबर!"

हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवाही गार, आणि वर तुलनेने ऊबदार थर. म्हणजे कढईवर झाकणच. धूर वर जाणार कुठे? हे झाकण किती उंचीवर आहे ते दाखवू शकतं लायडार. आपण सर्व्हरला पिंग करतो ना, तसंच, फक्त प्रकाशाने. लेझरची झळक वर सोडायची, कणांवरून आणि रेणूंवरून किती परत येते ते मोजायचं. एक मायक्रोसेकंदाने आली, तर १५० मीटरवरून. ३५५ नॅनोमीटरचा प्रकाश नायट्रोजनकडून थोडासा ३८७ होऊन येतो, वाफेकडून ४०७ च्या आसपास. दोन्हींचा भागाकार केला की बाष्प कळतं. तापमानही असंच रंगाच्या बारीक फरकांवरून काढतात.

पण गोची अशी, की बऱ्याच लायडारना पायाजवळचंच नीट दिसत नाही. आणि आमचा वास तर तिथेच मुक्कामाला! पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये १९८६ साली सुरू झालेल्या आर्गॉन लायडारमध्ये लेझर एकीकडे आणि दुर्बीण ६० मीटर लांब होती. वेळ नाही, कोन मोजायचा. शाळेतला त्रिकोण! त्यामुळे खालची हवाही सापडायची. त्या गेटवरून मी कितीतरी वर्षं ऑफिसला गेलो, आत काय चालतं याचा पत्ताच नाही. असो.

बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"यात वास दिसेल?"

"नाही. कण दिसतात. वायूसाठी दोन रंगांचं वेगळं लायडार लागतं."

"मग उपयोग काय?"

"झाकण किती वाजता खाली आलं, किती वाजता उठलं, ते कळेल. वासाच्या वेळा जुळवता येतील."

बाबा उठले, भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं : ५.१०, वास. मी मागची पानं उलटली. नोव्हेंबरमध्ये अशा अकरा नोंदी होत्या.