नायगाव परिसरात सहकुटुंब जेवताना

नायगाव म्हटले की आपल्या लोकांना आधी दोन नायगावे आठवतात. एक सातारा जिल्ह्यातले, जिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीमाईंचा जन्म झाला. दुसरे दादरजवळचे, बी.डी.डी. चाळींचे. मी सांगतो आहे ते तिसरे. पश्चिम रेल्वेवर भाईंदर सोडले की गाडी वसईच्या खाडीवर येते, खारा वारा तोंडावर लागतो आणि पूल संपला की जे स्टेशन येते ते हे नायगाव. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईत जागा परवडेना म्हणून आपली पुष्कळ कुटुंबे इकडे आली. त्यांत आमचेही एक.

रविवारी पाहुणे येतात आणि हमखास विचारतात, "तुमच्याकडे बघायला काय आहे, अन् बाहेर खायला काय मिळते?" त्यांच्यासाठी आणि आपल्या वाचक भगिनी-बांधवांसाठी ही थोडी माहिती.

स्टेशनाबाहेर वडापाव, भजी आणि कटिंग चहा सकाळपासून मिळतो. कामगार माणसाचा नाश्ता तोच. मुलांना डोसा-इडली हवी असेल तर उडप्याकडे जावे. पश्चिमेला खाडीकाठी कोळी बांधवांची वस्ती आहे. बोंबील, कोळंबी, निवट्या हे तिथले रोजचे बोलणे. पूर्वेला मिठागरे आणि जूचंद्र गाव. जूचंद्रच्या रांगोळी कलाकारांचे नाव महाराष्ट्रभर आहे. या बाजूच्या आगरी पद्धतीच्या खानावळीत तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, कोळंबीचे कालवण आणि सुका जवळा मिळाला, तर माणूस दोन घास जास्तच जेवतो.

वसई गावाकडे गेलात तर ख्रिस्ती बांधवांच्या घरचे पदार्थ चाखायला मिळतात. आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल फुगे आणि आंबट-तिखट इंद्याळ हे त्यांच्या लग्नाकार्यातले मानाचे पदार्थ. वसईची केळी प्रसिद्धच आहेत. आगाशीच्या बाजूला राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. प्रवासात मुलांच्या हातावर ठेवायला बिस्किटांपेक्षा ती केव्हाही चांगली. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे घेऊन आदिवासी भगिनी बसतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये, एवढे मात्र सांगेन.

अहमदाबाद महामार्गावर ढाबे आहेत. जेवण भरपूर मिळते. पण काही ठिकाणी शेजारच्याच टेबलावर बाटली असते. मुलाबाळांना घेऊन गेलेल्या पंचशील पाळणाऱ्या कुटुंबाने आत शिरण्यापूर्वी जरा नजर टाकावी. आणि कुठेही बसण्याआधी दरपत्रक मागून घ्यावे. त्यात लाज कसली? घामाचा पैसा आहे.

आता गेल्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट. वडिलांना आणि मुलांना घेऊन मी सोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेलो. नायगावहून गाडी धरली की वसई रोड आणि मग नालासोपारा, दोनच स्टेशने. पश्चिमेला सोपारे गावात हा स्तूप आहे. जुनी माणसे त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. तिच्यात आठ बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वात आतल्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे इंद्रजींचे मत होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात सापडला, आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावला. त्रिशरण-पंचशील म्हटल्यावर मुलांना मी हे सांगितले. धाकटी म्हणाली, "म्हणजे जेवायचं भांडं जपून ठेवलं होतं?" मी म्हटले, होय बाळ. ते भांडे घराघरातून फिरलेले होते. घर कुणाचे, हे त्याने कधी विचारले नाही.

परतताना सर्वांना भूक लागली म्हणून एका साध्या हॉटेलात शिरलो. मागे पाहतो तर वडील दारातच उभे. ऐंशीला आलेले माझे वडील आयुष्यभर मुंबईत राबले. चळवळीत घोषणा देऊन त्यांचा घसा बसलेला. पण अनोळखी हॉटेलाच्या उंबऱ्यावर पाय अजून थबकतो. पोऱ्या म्हणाला, "आजोबा, आत या ना." ते आले, बसले, जेवले, चहा प्याले. आणि मग रिकामी कपबशी उचलून मोरीकडे निघाले. थोरल्याने विचारले, "आबा, कप कशाला धुताय?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "सवय रे. आमच्या गावच्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर खांबाला टांगलेली असायची. आपणच काढायची, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, आपणच विसळून परत टांगायची." टेबलावर कुणी काही बोलले नाही. मग धाकटीने त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा बाकावर बसवले.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची एक हकिगत लिहून ठेवली आहे. १९०१ साली ते भावंडांसह वडिलांना भेटायला मसूर स्टेशनावरून बैलगाडीने गोरेगावला निघाले होते. डब्यात जेवण होते, पण त्यांना कुणी पाणी देईना. ती पोरे उपाशीच झोपली. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पुढे राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली असल्याचे स्पष्ट नोंदले गेले. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, तोच आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख आहे. जातीवरून ती वापरू दिली नाहीत, तर एक ते सहा महिने कैद आणि वर दंड. कायदा करणाऱ्यांना खांबाला टांगलेली कपबशी ठाऊक होती! वडील शाळकरी असताना हा कायदा होऊन काही वर्षे लोटली होती, तरी तो आमच्या गावच्या खांबापर्यंत पोचला नव्हता.

आज सगळे संपले आहे, असेही नाही. मागे एका खानावळीत मुलाच्या गळ्यातले बुद्धाचे लॉकेट पाहून मालकाने आमचे आडनाव विचारले होते. मी ते ठणठणीत आवाजात सांगितले आणि जेवण मागवले. जेवण आले. आडनाव लपवून खाल्लेला घास गोड लागत नाही, हे मुलांना तेथेच कळले.

म्हणून बांधवांनो, बाहेर जेवणे ही चैन आहे, कर्ज काढून करू नये, हे खरे. पण वर्षातून एक-दोनदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अवश्य घेऊन जा. आधी सोपाऱ्याचा स्तूप दाखवा आणि मग जेवायला बसवा. स्तूपाच्या आवारात खाऊ नका, कागद-प्लॅस्टिक टाकू नका. आपल्या महिला बचत गटांनी पौर्णिमेच्या दिवशी स्टेशनजवळ भाकरी-पिठल्याचे केंद्र काढले, तर प्रवाशांची सोय होईल आणि चार भगिनींना मिळकतही.

निघताना वडील त्या पोऱ्याला म्हणाले, "चहा चांगला होता." घरी येईपर्यंत ते गाडीच्या खिडकीतून खाडी पाहत होते. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते आपणहून मला म्हणाले, "चल, मी चहा पाजतो तुला. हॉटेलात."

त्या दिवशी ते माझ्यापुढे चालत आत गेले. कपबशी टेबलावरच राहिली.

जयभीम!